गेट पडलं, पण गाडी कुठाय?

बेळगावातल्या टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर ऑफिसच्या वेळेला गेट पडलं की सुरुवातीला रूळ मोकळेच दिसतात. ना गाडी, ना शिट्टी. दुचाकीवाले फाटकवाल्याच्या नावानं बोटं मोडतात. पण गाडी आली म्हणून गेट पडत नाही. गेट पडल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही.

याला इंटरलॉकिंग म्हणतात. स्टेशनातून फोन आला की फाटकवाला दोन्ही बाजूंचे लाल-पांढरे दांडे खाली आणतो. दांडे खोबणीत बसून कुलूप लागलं तरच त्याची किल्ली सुटते. ती दुसऱ्या यंत्रात फिरवली की सिग्नल हिरवा करता येतो आणि किल्ली तिथंच अडकते. एकदा सिग्नल दिला की गेट उघडणं फाटकवाल्याच्या हातात राहत नाही, कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी.

आता हिशोब. खानापूरकडून ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी मिनिटाला एक किलोमीटर कापते. पुढचा सिग्नल काय आहे ते आधी सांगणारा डिस्टंट सिग्नल साधारण किलोमीटरभर अलीकडे असतो. तो चालकाच्या नजरेत येण्याआधी गेट बंद हवं, नाहीतर तो ब्रेक लावायला घेतो. म्हणजे दोन-तीन मिनिटं तिथंच गेली. सुमारे ७०० मीटर लांबीची मालगाडी ताशी ३० नं निघाली, तर नुसती ओलांडायलाच जवळपास दीड मिनिट घेते. लोंढा-बेळगाव-घटप्रभा मार्गाच्या दुहेरीकरणाचं लोकार्पण फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी गाड्यांचं ताटकळणं कमी झालं, पण गेटवर नवी गंमत आली: एक गाडी गेली तोवर समोरून येणाऱ्या दुसरीला सिग्नल दिलेला असेल, तर गेट तसंच बंद राहतं.

शहराच्या पोटातून रूळ नेले की हे कुठंही होतं. आल्टोना आणि हॅम्बुर्ग ही जर्मनीतली शेजारची पण तेव्हा वेगळी शहरं. त्यांची स्टेशनं १८६६ साली जमिनीलगतच्या जोडमार्गानं जोडली गेली, आणि वर्दळीचे रस्ते फाटकांत अडकले. विसाव्या शतकाच्या तोंडावर त्यांनी अख्खा मार्गच भरावावर आणि पुलांवर उचलला. डामटोर स्टेशन १९०३ मध्ये सुरू झालं, मुख्य स्टेशन १९०६ मध्ये. उचलताना रूळ चार केले: दोन लोकलसाठी, दोन लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी. हे शहाणपणाचं होतं. दर दोन किलोमीटरवर थांबणाऱ्या लोकलमागे एक्सप्रेस अडकली की रूळ कितीही चांगले असोत, तिचा वेग लोकलचाच.

बेळगावात रूळ का उचलत नाहीत? चढामुळे. रेल्वेला १०० मीटरमागे एक मीटर चढसुद्धा जड. समजा आठ मीटर उंची गाठायची, तर ८०० मीटरचा उतरता भराव एका बाजूला, तितकाच दुसऱ्या बाजूला, आणि स्टेशन तर जवळच. रस्त्याला ३० मीटरमागे एक मीटर चालतं, म्हणजे २४० मीटरमध्ये काम भागतं. रस्ता वर न्यायचा तर विजेच्या तारांमुळे रुळांपासून पुलाच्या तळापर्यंत साडेसहा मीटर मोकळे लागतात, वर पुलाच्या तुळयांची (गर्डरची) जाडी. त्यातून रस्त्याचे आठ मीटर येतात. म्हणून कपिलेश्वरला आणि तिसऱ्या गेटला रस्ताच वर गेला. अशा पुलाच्या खर्चात रेल्वेनं वाटा उचलायचा तर दिवसातल्या गाड्या आणि वाहनं यांचा गुणाकार एक लाखापर्यंत जावा, असा निकष राहिला आहे: उदाहरणार्थ, ४० गाड्या गुणिले २,५०० वाहनं.

जिथं पूल नाही तिथं दांडाच महत्त्वाचा. घाईत कोणी खालून दुचाकी काढली आणि धक्क्यानं दांडा वाकला, तर कुलूप बसत नाही आणि सिग्नल लाल राहतो. चालकाला गेटच्या सिग्नलपाशी दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबावं लागतं. मग शिट्टी देत, फाटकवाल्याची झेंडी बघत सावकाश पुढं. काही गेटांवर अशा वेळी सरकवायचा जादा दांडा असतो. तो ओढून कुलूप लावलं की सिग्नल पुन्हा मिळतो. तोवर रांग काँग्रेस रोडपर्यंत गेलेली असते, आणि तिच्यात तो दुचाकीवाला नसतो.