नाक जाळीत, डोळे जाळीबाहेर

इंग्लंडमधील शेतांच्या कडेला ब्लॅकबेरीच्या काटेरी वेलींच्या कमरेइतक्या उंच जाळ्या माजलेल्या असतात आणि हिवाळ्यात दिवसाउजेडी अनेक ससे बिळात न जाता त्यांच्याच आडोशाला बसून राहतात. अशा जाळीत माणसाला शिरता येत नाही, आणि लांब पायांच्या, पातळ कातडीच्या धावऱ्या कुत्र्यालाही तेथे काही करता येत नाही. तेथे स्पॅनिएल जातीचा कुत्रा उपयोगी पडतो. नाक जमिनीला लावून आणि शेपटी सतत हलवत तो काट्यांतून वाट काढतो आणि सशाला उठवतो. बाहेर मोकळ्या गवतावर लर्चर नावाचा धावरा कुत्रा मुकाट्याने उभा असतो. ससा जाळीतून सुटून बिळाकडे धावला की पुढच्या काही सेकंदांत जे घडायचे ते त्या दोघांतच घडते. पाहणाऱ्याला हे सारे आपोआप जमून आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कोवळ्या वयाच्या स्पॅनिएलला या जोडीत बसवणे हे महिनोन् महिने चालणारे काम आहे, आणि त्यातला अवघड भाग शिकार शिकवण्याचा नसून, शिकारीचा शेवट दुसऱ्यावर सोपवायला शिकवण्याचा आहे.

लर्चर ही नोंदणीकृत जात नव्हे. ब्रिटनच्या केनेल क्लबच्या यादीत ती सापडणार नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट किंवा सलुकी यांसारख्या नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्याचा कोली अथवा टेरियर यांसारख्या कामकरी कुत्र्याशी संकर करून जे मिळते ते लर्चर: एका बाजूकडून वेग, दुसरीकडून काटकपणा आणि थोडी समज. मराठी वाचकाने कारवानी किंवा मुधोळ कुत्रा पाहिला असेल, तर खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब तोंड आणि लांब पाय ही ठेवण त्याला नव्याने सांगायला नको. या बांध्याचे कुत्रे भरधाव पळताना प्रत्येक आवर्तनात दोनदा पूर्णपणे हवेत असतात, एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा ताणलेले असताना. ग्रेहाउंडचा वेग त्यामुळे ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. स्पॅनिएलचा वारसा निराळा आहे. इंग्रज वैद्य जॉन केयस यांनी १५७० साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या ब्रिटिश कुत्र्यांच्या वर्णनात शिकारी ससाण्याने किंवा पसरलेल्या जाळ्याने पकडता यावेत म्हणून पक्षी उठवणारे स्पॅनिएल आहेत. बंदूक शिकारीत रुळण्याच्या आधीपासून स्पॅनिएलचे काम हेच होते, की लपलेले जनावर उठवायचे आणि पकडणे दुसऱ्यावर सोडायचे. स्प्रिंगर स्पॅनिएल या नावातला ‘स्प्रिंगर’ म्हणजे हाच उठवणारा.

येथे भाषेची एक अडचण सांगून ठेवली पाहिजे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आहे, पण इंग्लंडात बिळे खणून कळपाने राहणारा रॅबिट आणि उघड्यावर राहणारा, मोठा, फार दूरवर पळू शकणारा हेअर हे दोन वेगळे प्राणी आहेत. आपल्या माळरानावरचा ससा या दुसऱ्या गटातला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या हंटिंग ॲक्टने कुत्र्यांकरवी हेअरची शिकार करण्यास मनाई केली. जमिनीच्या मालकाची परवानगी असेल तर रॅबिटला मात्र या मनाईतून सूट आहे, कारण तो पिकांचे आणि कुरणांचे मोठे नुकसान करतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार हा गुन्हा आहे, मग ती कुत्र्याने केलेली असो वा फासाने. त्यामुळे पुढचे विवेचन ब्रिटनपुरते आहे. त्यातले विज्ञान मात्र आपल्या घरातल्या कुत्र्यालाही लागू पडते.

लांडग्याची शिकार ही एकच क्रिया नसून क्रियांची साखळी असते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी ती उलगडून मांडली: सावजाचा शोध लागून त्याच्याकडे वळणे, नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग, पकड, मारणे, फाडणे आणि खाणे. माणसाने पैदाशीत निवड करताना या साखळीतल्या काही कड्या ठळक केल्या आणि काही पुसट. मेंढ्या राखणाऱ्या कोलीत नजर रोखणे आणि दबा धरणे अतिशय तीव्र, तर चावा जवळजवळ नाहीसा. लर्चरमध्ये पाठलाग आणि पकड ठळक आहे, स्पॅनिएलमध्ये शोध. म्हणजे जाळीच्या आत-बाहेर उभे असलेले हे दोन कुत्रे मिळून एका लांडग्याचे काम वाटून घेतात. वाटणी मात्र कधीच काटेकोर नसते. स्पॅनिएलमधली पाठलागाची कडी पुसट झालेली असली, तरी तुटलेली नसते, आणि समोरून ससा पळाला की ती क्षणात जागी होते.

ही वाटणी शरीरातही दिसते. कुत्र्याच्या वासाच्या ग्राही पेशी २० कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज आहे. माणसाच्या ५० ते ६० लाख असतात. वास ओळखणारी कार्यक्षम जनुके माणसात सुमारे ४००, तर कुत्र्यात सुमारे ८००. तरीही केवळ संख्येवर भिस्त ठेवणे बरोबर नाही. हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतो, बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे फेकली जाते, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही, आणि आत आलेल्या हवेचा एक छोटा भाग थेट नाकाच्या मागच्या वासकक्षात जातो. दमलेल्या, तोंड उघडून धापा टाकणाऱ्या कुत्र्याला हे जमत नाही. म्हणून अनुभवी माणूस तरुण स्पॅनिएलला थोडा वेळच कामाला लावतो. पिल्लाने ‘वास सोडला’ असे जे म्हटले जाते, ते बऱ्याचदा आळसाचे नव्हे, तर तापलेल्या शरीराचे लक्षण असते.

डोळ्यांची गोष्ट मला त्याहून रंजक वाटते. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली दाखवले, की कुत्र्याच्या दृष्टिपटलावर मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी कशा पसरलेल्या आहेत, याचा त्याच्या नाकाच्या लांबीशी घनिष्ठ संबंध असतो. आखूड तोंडाच्या कुत्र्यांत त्या मध्यभागी एकवटतात, तर लांब तोंडाच्या कुत्र्यांत आडव्या पट्ट्यात पसरतात. असा आडवा पट्टा असलेल्या डोळ्याला क्षितिजाच्या रेषेवर कोठेही झालेली हालचाल चटकन टिपता येते, आणि लर्चरला नेमके तेच हवे असते. लांब तोंडाच्या धावऱ्या कुत्र्यांचा वारसा त्याला येथे कामी येतो. स्थिर बसलेला ससा त्याच्या नजरेतून निसटू शकतो. हललेला सहसा निसटत नाही. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असल्याने हिरव्या-पिवळ्या गवतातला तपकिरी ससा रंगावरून वेगळा काढणे त्याला कठीणच जाते.

सगळे काही रक्तात असते, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र घाईचे होईल. २०२२ साली चार हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कुत्र्यांचे दहा मोठे वंशगट वेगळे निघाले. नजरेने शिकार करणारे आणि स्पॅनिएल-पॉइंटर हे त्यांतले दोन निरनिराळे गट. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून, असे दाखवले की एखाद्या कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी जेमतेम ९ टक्के त्याच्या जातीवरून सांगता येतात. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. वंशाने कल मिळतो. पण हातात आलेले हेच पिल्लू कसे निघेल, याची खात्री नोंदणीपत्र देऊ शकत नाही.

म्हणूनच सुरुवात शिकारीपासून होत नाही. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ समाजात मिसळण्याच्या दृष्टीने सर्वांत संवेदनशील असतो. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे पाच जातींची पिल्ले वाढवून हे दीर्घ संशोधनातून मांडले, आणि त्या पाचांत कॉकर स्पॅनिएल होता. लर्चर घरात आधीपासून असेल, तर याच वयात स्पॅनिएलने त्याच्या सहवासात शांतपणे वावरणे चांगले. कारण दुसऱ्या बाजूनेही धोका असतो: गवतात अचानक धावणारे लहान, केसाळ पिल्लू लर्चरच्या नजरेला सावजच भासू शकते. मात्र या वयात दोघांनी मिळून पळापळीचे खेळ खेळू देणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे, कारण लर्चरच्या मागे धावण्याची चटक एकदा लागली की पिल्लाचे नाक जमिनीवरून वर येते आणि ते नजरेने शिकार करू लागते. स्पॅनिएलच्या पायांना लर्चरचा वेग कधीच गाठता येणार नाही, आणि तोवर त्याने आपले खरे भांडवल टाकून दिलेले असते.

पहिले धडे शिटीचे. ब्रिटनमध्ये स्पॅनिएलसाठी ‘२१०½’ क्रमांकाची अ‍ॅक्मी शिटी सर्रास वापरली जाते. तिचा स्वर कायम एकच राहतो, माणसाच्या आवाजासारखा राग-लोभाने बदलत नाही. एक लांब शिटी म्हणजे जागच्या जागी बस, दोन आखूड म्हणजे वळ, अनेक आखूड म्हणजे परत ये. ‘बस’ या अर्थाची तोंडी आज्ञा स्पॅनिएलवाल्यांमध्ये ‘हप’ अशी आहे. मग हलक्या झाडोऱ्यात, वाऱ्याला तोंड देऊन, माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूंना आडवे जात जमीन पिंजून काढण्याचा सराव येतो. गवतात टेनिसचा चेंडू आधीच टाकून ठेवला, की पिल्लाला माणसाच्या जवळच काहीतरी सापडते, ही गोष्ट मनावर ठसते. त्यानंतर सशाचे कातडे गुंडाळलेली डमी, आणि शेवटी कुंपणाच्या आत जिवंत ससे सोडलेले आवार, जेथे ससा पळाला तरी पाठलाग फार लांब जाऊ शकत नाही आणि लांब शिटीचा अर्थ पक्का करून घेता येतो.

हे सगळे एवढ्या काळजीने करावे लागते, याचे कारण पाठलाग स्वतःच बक्षीस आहे. ससा हाती लागो वा न लागो, धावण्यातच कुत्र्याला सुख मिळते. आणि अधूनमधून, अनियमितपणे यश मिळणारे वर्तन सर्वांत चिवट बनते, हे मानसशास्त्राने प्रयोगशाळेत कबुतरे आणि उंदीर यांच्यावर पुन्हा पुन्हा पडताळले आहे. दहा वेळा रिकाम्या हाताने परतलेला कुत्रा अकराव्या वेळीही तितक्याच उमेदीने धावतो, तो त्यामुळेच. अशा वेळी खिशातले बिस्कीट दुबळे ठरते. शिक्षेचाही भरवसा धरता येत नाही: विजेचा झटका देणारे पट्टे वेल्सने २०१० मध्ये बंदच केले, आणि मेंढ्यांमागे धावणाऱ्या कुत्र्यांवर ब्रिटनमध्येच झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात असे पट्टे बक्षिसावर आधारलेल्या प्रशिक्षणापेक्षा अधिक परिणामकारक ठरले नाहीत.

यातून वाट दाखवतो तो डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला नियम. प्राणी जी गोष्ट आपणहून वारंवार करतो, ती त्याला कमी आवडणाऱ्या गोष्टीचे बक्षीस म्हणून वापरता येते. स्पॅनिएलला सर्वांत प्रिय काय? जाळीत घुसणे. तेव्हा ससा उठल्यावर जो पिल्लू-स्पॅनिएल बसतो, त्याला लगेच दुसऱ्या, वासाने भरलेल्या जाळीत सोडायचे. जो बसत नाही, त्याला शांतपणे आणून मूळ जागी बसवायचे आणि काही काळ काम द्यायचे नाही. बसणे हे खेळ संपल्याची खूण न राहता पुढच्या खेळाचे तिकीट ठरते.

लर्चर प्रत्यक्ष कामात आणायचा तो याच्या नंतर, बहुधा पिल्लू वर्षाचे होत आले असताना, आणि तो लर्चरही वयाने मोठा, स्थिरावलेला हवा. पहिल्या काही खेपांना लर्चर पट्ट्यात धरून उभा ठेवतात आणि स्पॅनिएल एकटा काम करतो. ससा उठतो, पळून जातो, दोघेही जागीच राहतात. मग लर्चरला सोडतात आणि स्पॅनिएलला बसलेल्या अवस्थेत तो पाठलाग पाहू देतात. येथे अनुकरणाची भीती सर्वांत मोठी असते. दक्षिण आफ्रिकेत पोलिसांच्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांवर केलेल्या १९९७ सालच्या प्रयोगात असे आढळले, की सहा ते बारा आठवड्यांच्या वयात आईला अमली पदार्थ शोधताना पाहिलेली पिल्ले सहा महिन्यांची झाल्यावर तेच काम इतर पिल्लांपेक्षा चांगले करतात. नजरेसमोरचा कुत्रा काय करतो हे पिल्लू टिपून घेते. त्याने संयम पाहिला तर संयम, आणि धावपळ पाहिली तर धावपळ.

दोघेही एकत्र धावले तर नुसती शिस्त बिघडत नाही, इजाही होते. काट्यांच्या तारेजवळ ससा वळला, मागून पूर्ण वेगात येणारा लर्चर वळला आणि मध्ये स्पॅनिएल आला, तर टक्कर पाय मोडण्याइतकी जोरात होऊ शकते. सशावरून ओढाओढी झाली, तर सावज हलक्या तोंडाने धरून आणण्याची सवय दोघांचीही जाते. म्हणून पकडलेला ससा लर्चरने माणसाच्या हाती दिल्याशिवाय स्पॅनिएलला उठू देत नाहीत.

एखाद्या हंगामानंतर, जोडी जमली असेल तर, माणसाने न शिकवलेली एक गोष्ट दिसू लागते. लर्चर जाळीकडे न पाहता स्पॅनिएलच्या शेपटीकडे पाहू लागतो. शेपटीची लय जलद आणि आखूड झाली की वास ताजा आहे, हे त्याने अनुभवाने जोडलेले असते. मग तो आपणहून चार पावले सरकून जाळी आणि बीळ यांच्या मधोमध उभा राहतो. ससा उठतो, बऱ्याचदा त्यालाही चकवून बिळात जातो, आणि तोवर बसून राहिलेल्या स्पॅनिएलला दोन आखूड शिट्यांनी पुढच्या जाळीकडे वळवलेले असते.