पोपना लिहिलेली पत्रं आणि १८७० पासून राहिलेला प्रश्न

शिकवणीवरून रोमशी, म्हणजे पोपशी, पत्रातून वाद घालणं कॅथलिक चर्चमध्ये नवीन नाही, तिसऱ्या शतकात कार्थेजच्या बिशपने बाप्तिस्म्याच्या मुद्द्यावर रोमच्या बिशपला, म्हणजे पोपना, ठणकावून लिहिलं होतं. पण आजची भांडणं कळायला सुरुवात १८७० पासूनच करावी लागते.

त्या वर्षी रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या परिषदेत पोपच्या अचूकतेचा, म्हणजे पोपचा निर्णय चुकूच शकत नाही असा, ठराव आला. १३ जुलैच्या चाचणी मतदानात ४५१ जण बाजूने, ८८ विरोधात आणि ६२ जणांचं म्हणणं असं की हो, पण बदल करा. १७ जुलैला ५५ बिशपांनी पोपना पत्र लिहिलं, की आमचं मत तेच आहे, पण विषय थेट तुमच्याशी संबंधित आहे आणि वडिलांच्या तोंडावर उघड 'नाही' म्हणणं आमच्याने होत नाही, म्हणून आम्ही निघतो. दुसऱ्या दिवशी ५३३ विरुद्ध २ ने ठराव पास. लगेच युद्ध पेटलं, सप्टेंबरमध्ये इटालियन सैन्य रोममध्ये घुसलं, परिषद स्थगित झाली आणि बिशपांच्या अधिकाराचं प्रकरण राहून गेलं ते थेट १९६४ पर्यंत.

ठराव तसा मर्यादित होता. श्रद्धा किंवा नीतीबद्दल, सगळ्या चर्चसाठी, कायमचा निर्णय म्हणून पोप काही जाहीर करतील तरच अचूकता. त्यानंतर हा अधिकार उघडपणे वापरला गेला तो एकदाच, १९५० मध्ये. बाकी परिपत्रकं, उपदेशपत्रं, तळटीपा यांचं वजन नक्की किती हे मात्र दर वेळी नव्याने भांडून ठरवावं लागतं.

२०१६ मध्ये हेच झालं. एप्रिलमध्ये कुटुंबाविषयीचं पोप फ्रान्सिस यांचं उपदेशपत्र आलं आणि त्यातल्या एका तळटीपेवरून, घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न केलेल्यांना काही परिस्थितीत कम्युनियन, म्हणजे मिस्सामधला पवित्र प्रसाद, मिळू शकतं का, हा वाद उभा राहिला. १९ सप्टेंबरला चार कार्डिनलांनी, म्हणजे पोपखालोखालच्या वरिष्ठ धर्मगुरूंनी, पोपना पाच प्रश्न पाठवले, जुन्या पद्धतीचे, ज्यांचं उत्तर हो किंवा नाही असं देतात. उत्तर आलं नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांनी प्रश्न जाहीर केले, एप्रिल २०१७ मध्ये भेटीची वेळ मागणारं पत्र गेलं, त्यालाही उत्तर नाही, आणि त्याच वर्षी चौघांपैकी दोघं वारले.

आणि या प्रश्नांच्या दोनच आठवडे आधी, ५ सप्टेंबरला, ब्युनोस आयर्स भागातल्या बिशपांनी आपल्या पाद्र्यांसाठी त्या भागाचे निकष लिहिले होते, त्यांना पोपनी खाजगी पत्रातून कळवलं की मजकूर फार चांगला आहे आणि उपदेशपत्राचा दुसरा कुठलाही अर्थ नाही. पुढे हे निकष आणि ते खाजगी पत्र दोन्ही व्हॅटिकनच्या अधिकृत राजपत्रात छापले गेले, सोबत ५ जून २०१७ ची नोंद, की हे अधिकृत शिकवण म्हणून धरावं. म्हणजे जे पोपनी आपल्या मूळ भागातल्या बिशपांना लिहिलेलं पत्र होतं ते जगभरच्या चर्चला लागू झालं! समर्थक म्हणतात की हो-नाही मध्ये उत्तर दिलं असतं तर प्रत्येक जोडप्याच्या परिस्थितीचा विचार करायला जागाच उरली नसती, आणि त्यात तथ्य आहे. पण मला हा मार्ग पटत नाही. विश्वासाने, ठरलेल्या रीतीने, सही करून विचारलेल्या प्रश्नाला निदान पोच तरी मिळायला हवी होती, कारण गावोगावच्या पाद्र्याला रविवारी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं हे ठरवायचं असतं.

२०२३ मध्ये पाच कार्डिनलांनी पुन्हा प्रश्न पाठवले, या वेळी ११ जुलैलाच उत्तर आलं, पण लांबलचक. स्त्रियांच्या पौरोहित्याबद्दल त्यात म्हटलंय की १९९४ चा, स्त्रियांना पुरोहित करता येत नाही असा, निर्णय हा डॉग्मा (अटळ धर्मसिद्धांत) म्हणून केलेली व्याख्या नाही तरी सगळ्यांनी पाळायचा आहे, आणि अशा 'निर्णायक' विधानाचं स्वरूप नेमकं काय यावरची शिकवण अजून पूर्ण विकसित झालेली नाही. १८७० च्या मर्यादित ठरावाने जी जागा मोकळी ठेवली ती हीच. कार्डिनलांनी ऑगस्टमध्ये प्रश्न बदलून पुन्हा हो-नाही मागितलं, आणि २ ऑक्टोबरला, सिनड (रोममधली बिशपांची सभा) सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, ते जाहीर केले तोपर्यंत त्यांना तसं उत्तर मिळालेलं नव्हतं.