मामाची मुलगी चालते, मग आत्याची का नाही?

चुलत, मावस, आते, मामे. यांपैकी कोणत्याही दोन भावंडांत सरासरी साडेबारा टक्के जनुकं सामायिक असतात. त्यांनी आपसात लग्न केलं तर होणाऱ्या मुलाला आनुवंशिक आजाराचा धोकाही चारही बाबतींत जवळपास सारखाच. तरी पश्चिम महाराष्ट्रात मराठा-कुणब्यांसह अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी केली तर ती चांगली सोयरीक मानतात, आत्याची करायची म्हटलं की वडीलधारी नाही म्हणतात, आणि चुलत-मावस तर बहिणीच. हा भेद शरीरातून आलेला नाही, माणसांनी केलेला आहे. संस्कृतीविषयीचा कोणताही सिद्धांत तपासून बघायला याहून चांगली जागा मिळणं अवघड.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ पासून संशोधन करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ १९५३ साली आला. त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले. उत्तरेत हिंदूंमध्ये यातलं कुठलंच नातं लग्नाला चालत नाही. दक्षिणेत मामाची आणि आत्याची दोन्ही चालतात, अनेक जातींत सख्खी भाचीसुद्धा. महाराष्ट्र मधल्या विभागात येतो, आणि इथे फक्त एकच बाजू उघडी राहते.

एकच का? फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९४९ साली दिलेलं उत्तर कागदावर मांडून पाहावं. समजा, पुरंदरच्या भावकीतली मुलगी बारामतीच्या घरात दिली. तिच्या मुलाने मामाची मुलगी केली, की पुन्हा पुरंदरचीच मुलगी बारामतीत येते. नातवानेही तेच केलं तर तिसऱ्या पिढीतही दिशा तीच. बारामतीच्या मुली मग दौंडला जातात, दौंडच्या आणखी कुठे, आणि साखळी वाढत जाते. आता पुरंदरच्या मुलाने आत्याची मुलगी केली, तर बारामतीची मुलगी उलट पुरंदरात येते आणि दिशा फिरते. आपल्याकडे हे नुसतं गणित नाही. लग्नात वधूपिता जावयाचे पाय धुतो, मान वरपक्षाचा असतो. दिशा उलटली की काल ज्यांचे पाय धुतले त्यांच्याकडूनच आज धुऊन घ्यावे लागतात.

मामाला एवढं महत्त्व का, यावरही मोठा वाद आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९२४ साली आफ्रिकेतील उदाहरणांवरून मांडलं की आईची माया मामापर्यंत पोचते, म्हणून मामा लाड करतो. फ्रेंच अभ्यासक लुई द्युमाँ यांनी १९५३ साली दक्षिण भारताबद्दल वेगळं सांगितलं: वडिलांचा मेहुणा तो माझा मामा, म्हणजे सोयरीक हीच पिढीजात वारशाने येते. आपल्या मांडवात मामा मुलीला बोहल्यावर आणतो आणि त्याचा आहेर ठरलेला असतो. मायेने लाड कळतात, पण असं बंधनकारक देणं कळत नाही. इथे द्युमाँच जास्त पटतात.

पण पटणं हा पुरावा नव्हे. त्यासाठी वंशावळी काढाव्या लागतात. ही पद्धत ब्रिटिश संशोधक डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधल्या टॉरेस सामुद्रधुनीत १८९८ साली गेलेल्या मोहिमेत बसवली. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, अपत्यांना खाली रेघ. निदान तीन पिढ्या घ्याव्यात. भावंडं जन्मक्रमाने, वारलेलीही. आपल्याकडे चुका ठराविक ठिकाणी होतात. लग्नात मुलीचं नाव बदललं असेल तर तीच बाई माहेरच्या तक्त्यात एका नावाने आणि सासरच्या तक्त्यात दुसऱ्या नावाने येते, आणि मोजताना एकीच्या दोघी होतात. म्हणून प्रत्येक लग्न दोन्ही घरी विचारावं आणि दोन्ही नावं शेजारी लिहावीत. दत्तक गेलेल्या मुलाचे दोन्ही बाप नोंदवावेत. ‘मामा’ म्हटल्यावर सख्खा, चुलत की गावनात्याचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय लग्नाच्या वयाची मामेबहीण नसलेल्या मुलांची गणती वेगळी ठेवावी, नाहीतर नियम आहे त्यापेक्षा ढिला दिसतो.

जमीन ओळखीच्या घरांत राहावी म्हणून ही रीत पडली, असंही मत आहे. ते तपासायचं तर वंशावळीशेजारी सातबारा ठेवावा. मत खरं असेल तर भूमिहीन घरांत अशी लग्नं कमी निघायला हवीत. तशी निघाली नाहीत तर ते सोडून द्यावं, कितीही व्यवहारी वाटलं तरी.

कायद्यालाही या नोंदी लागतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावाच्या आणि बहिणीच्या मुलांचं आपसातलं लग्न निषिद्ध ठरवलं आहे. अपवाद फक्त दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर. ती रूढी दीर्घकाळ, सलग आणि एकसारखी पाळलेली असली पाहिजे. तेव्हा ‘आमच्यात चालतं’ एवढं सांगून भागत नाही, कोणाच्या मुलाने कोणत्या मामाची मुलगी केली ते नावानिशी दाखवावं लागतं.