घरगुती ध्वनिमुद्रणातील लय आणि तालनिश्चिती

घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करताना त्याची गती आणि आवर्तनाची (तालाच्या एका पूर्ण फेरीची) मोजणी ठरवून ती सॉफ्टवेअरमध्ये भरणे, याला लय व तालनिश्चिती म्हणता येईल. स्टुडिओत हे काम संगीत संयोजक पाहतो. घरी ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्याच अंगावर येते. एकच माणूस आधी पेटी, मग तबला, मग गळा असे एकावर एक ट्रॅक चढवतो. समोर साथीदार नसतो, त्याच्याकडे पाहून सावरून घेण्याची सोय नसते. सगळ्या ट्रॅकना बांधणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे आधी ठरवलेली लय.

गती मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांत, म्हणजे बीपीएममध्ये मोजतात. 60 बीपीएम म्हणजे सेकंदाला एक ठोका. योहान मेल्झेल याने मेट्रोनोम या ठरल्या गतीने टकटक करणाऱ्या यंत्राचे पेटंट 1815 मध्ये घेतले, तेव्हापासून ही मोजणी रूढ झाली. यंत्रामागची मूळ युक्ती मात्र अ‍ॅम्स्टरडॅमच्या विंकेल याची होती. आपल्याकडे रियाजाला वापरले जाणारे तालमालासारखे इलेक्ट्रॉनिक तबले हेच काम नुसत्या टकटकीऐवजी ठेक्याच्या रूपात करतात.

नवा प्रोजेक्ट उघडला की बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून 120 बीपीएम आणि 4/4 (चार-चार ठोक्यांचे गट) दाखवतात. नवखी मंडळी त्यावरच गायला लागतात आणि चाल त्या चौकटीत कोंबली जाते. खरे तर लय आधी गळ्यातून यायला हवी. मुखडा आणि ज्या ओळीत शब्द सर्वांत दाट आहेत ती ओळ, अशा दोन्ही मोकळेपणाने गाऊन पाहाव्यात. मुखड्याला छान वाटणारी लय अंतऱ्याच्या जोडाक्षरांना पुरत नाही, हे तिथेच कळते. मग मोबाइलवर गाणे भरून घ्यावे आणि आवर्तने मोजावीत. 16 मात्रांच्या (ठोक्यांच्या) तीनतालाची चार आवर्तने 40 सेकंदांत झाली, तर 64 मात्रांना 40 सेकंद लागले, म्हणजे 96 बीपीएम. एकाच आवर्तनावरून आकडा काढला तर सुरुवातीची चुळबुळ त्यात मिसळते; चार आवर्तनांची सरासरी विश्वासाची. टॅप टेम्पोचे बटण मात्रेमात्रेला दाबूनही आकडा मिळतो, पण तोही गाताना दाबावा. स्वस्थ बसून दाबलेली लय आणि गातानाची लय यांत फरक पडतो.

गाणे ऐकवून सॉफ्टवेअरकडून लय शोधून घेतली तर ते पुष्कळदा दुगुन किंवा निम्मी सांगते: 70 ऐवजी 140, किंवा उलट. आकडा खोटा नसतो, मात्रा कशाला धरली एवढाच प्रश्न असतो. विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात हा प्रश्न अटीतटीचा होतो. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, म्हणजे 12 ते 15 बीपीएम. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये तर 20 च्या खाली जाताच येत नाही. अशा वेळी मात्रेचे चार भाग धरून 48 ते 60 बीपीएम लावतात. क्लिक, म्हणजे सॉफ्टवेअरची टकटक, चौपट पडतो, आणि गाणाऱ्यालाही इतक्या लांब मात्रेत आधार मिळतो.

टाइम सिग्नेचरमधला (4/4 सारख्या खुणेतला) वरचा आकडा बारमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या एका गटात, किती ठोके ते सांगतो, खालचा आकडा ठोक्याचे मूल्य. तीनतालाच्या 16 मात्रा 4/4 च्या चार बारांत नीट बसतात. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पहिल्या, पाचव्या, नवव्या बारवर येते. केरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, त्यांचेही दोन बार होतात. झपतालाला 10 मात्रा, म्हणून 5/4 चे दोन बार किंवा 10/4 चा एक बार लावावा. प्रोजेक्ट 4/4 वर तसाच ठेवला तर दुसरी सम तिसऱ्या बारच्या मध्ये पडते, आणि बारच्या रेघेवर कापलेला प्रत्येक लूप (पुन्हापुन्हा वाजवायचा तुकडा) चुकतो. रूपकाला 7/4 लागते, पण तिथे आणखी एक गोम आहे. रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर, येते, ठेका ‘तीं तीं ना’ असा सुरू होतो. सॉफ्टवेअरचा क्लिक मात्र बारच्या पहिल्या ठोक्यावर जोर देतो. तो जोर कानात बसला की गाणारा समेवर नकळत आघात करतो आणि रूपकाचा तोल जातो. सेटिंगमध्ये जाऊन सगळे ठोके सारखे करून घ्यावेत.

सहा मात्रांच्या दादऱ्यात गोंधळ आकड्यांचा होतो. 6/8 लावल्यावर काही सॉफ्टवेअर बीपीएम पाव स्वराने (दोन मात्रांना एक ठोका) मोजतात, काही दीडपट लांब ठोक्याने (तीन मात्रांना एक). मिनिटाला 180 मात्रांचा दादरा एका ठिकाणी 90 दिसतो, दुसरीकडे 60. साथीदाराला नुसता आकडा कळवू नये. एका आवर्तनाला दोन सेकंद असे सांगावे.

तीनतालातल्या पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात. बार 1 वरच मुखडा भरला तर सम बार 3 वर जाते, आणि पुढे 7, 11 अशी सरकत राहते. म्हणून दोन बार मोकळे सोडून बार 3 वर उठावे, म्हणजे सम बार 5 वर येते आणि पुढे तिहाईचा (तीनदा घेऊन समेवर येणाऱ्या तुकड्याचा) हिशेब डोळ्यांनाही दिसतो.

सगळे गाणे एकाच आकड्यावर ठेवण्याचा आग्रह मराठी अभंगाला मानवत नाही. अभंग ठाय लयीत सुरू होतो आणि गजरापर्यंत चढत जातो; ती चढ काढून टाकली तर गजरात जीव राहत नाही. यासाठी टेम्पो मॅप असतो: 84 वर सुरू झालेली लय शेवटच्या कडव्यापासून 8-10 आवर्तनांत 110 पर्यंत नेता येते. अचानक उडी देऊ नये. आलाप क्लिकशिवायच भरावा आणि मग जिथे ठेका धरला जातो तिथे बार 1 आणून ठेवावा. भरलेल्या आवाजाची गती नंतर थोडी बदलता येते, पण तीन-चार टक्क्यांपलीकडे ताणल्यावर तबल्याचा ‘ना’ पिचकतो.

क्लिकचा आवाज हेडफोनमधून झिरपून माइकमध्ये शिरतो, विशेषतः गाणारा एक कान उघडा ठेवतो तेव्हा; उघड्या कानाच्या बाजूचा हेडफोन बंद करावा. ब्लूटूथ हेडफोन तर घेऊच नयेत. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ शकतो, आणि 120 बीपीएमला पाव मात्रा अवघी 125 मिलिसेकंदांची असते. तारेच्या हेडफोनवरही बफर (संगणक आवाज थोडा साठवून पुढे पाठवतो, तो साठा) पाहावा: 44,100 हर्ट्झला 256 नमुन्यांचा बफर सुमारे 6 मिलिसेकंदांचा, 1024 चा 23 चा. गाताना लहान बफर ठेवावा, मिश्रण करताना मोठा चालतो.

आता गाणारा एका देशात आणि तबलजी दुसऱ्या देशात, असेही काम होते. तेव्हा फाइलबरोबर बीपीएम, ताल, सम कोणत्या बारवर आहे आणि मुखडा कितव्या मात्रेवरून उठतो, एवढे लिहून पाठवतात. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून काढलेला असावा. गाणे दहाव्या सेकंदाला सुरू होत असले, तरी आधीची मोकळी जागा कापायची नसते.