‘बेस्ट परफॉर्मन्स’ची टिचकी: जुन्या कॉम्प्युटरवरच्या एका उपायाचा इतिहास

कॉम्प्युटर स्लो झाला की पहिला सल्ला अजूनही तोच मिळतो: सिस्टिम प्रॉपर्टीज उघडा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा, परफॉर्मन्सच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा, म्हणजे विंडोजचे दिखाऊ इफेक्ट्स बंद होतील. सल्ला खोटा नाही. पण तो ज्या यंत्रांसाठी जन्मला ती आता क्वचितच दिसतात, आणि त्या टिचकीने आत जे घडते तेही पार बदलले आहे.

१९९५ साली विंडोज ९५ आले तेव्हा विंडो माउसने ओढली की फक्त तिची चौकट सरकायची. बटण सोडल्यावरच मजकूर नव्या जागी उमटायचा. मजकुरासकट विंडो सरकवणे आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणे या सोयी ‘प्लस!’ नावाच्या संचात होत्या आणि तो वेगळा विकत घ्यावा लागे. मूळ विंडोज ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅमवर चाले. प्लसला ४८६ आणि ८ एमबी हवे होते. सजावटीला किती यंत्र लागते, हे तेव्हा खोक्यावरच कळत असे.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने हा हिशोब आत लपवला. निळी-हिरवी ‘लुना’ थीम, हळूच उमटणारे मेनू, आयकॉनखालच्या सावल्या हे सगळे सुरुवातीपासून चालूच. किमान रॅम ६४ एमबी, शिफारस १२८ एमबीची. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा ऑनबोर्ड ग्राफिक्स असे, आणि तेही याच रॅममधून आपला वाटा उचले. त्यात एक्सपीमध्ये प्रत्येक विंडो थेट स्क्रीनवर चितारली जाई. वरची विंडो हलवली की उघड्या पडलेल्या भागात खालच्या प्रोग्रामला पुन्हा चितारावे लागे. रॅम पुरेनाशी झाली की हार्ड डिस्कवर ने-आण सुरू आणि यंत्र हँग. सगळे इफेक्ट्स एकाच ठिकाणी बंद करण्याची सोय एक्सपीतच आली, आणि तिथे तिने खरोखर काम केले. करडी, चौकोनी विंडो दिसायला रुक्ष होती, पण प्रोसेसर आणि रॅम दोन्ही मोकळे होत.

एक नुकसान मात्र मराठी वापरणाऱ्यांच्या वाट्याला आले. त्या टिचकीसरशी अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणेही बंद होई. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फाँट तेव्हा विंडोजवर देवनागरीचा मुख्य आधार होता. लहान आकारात जोडाक्षरे आणि रफार आधीच दाटीने बसलेले, त्यात कडा दातेरी झाल्या की डोळ्यांना त्रास. अक्षरांच्या कडांची ही एक खूण परत चालू करा, असे सल्ला देणाऱ्याने आवर्जून सांगायलाच हवे होते आणि आजही हवे.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आले आणि गणित उलटे झाले. त्याच्या ‘एअरो’ या नव्या देखाव्यामध्ये प्रत्येक विंडोचे चित्र आधी मेमरीत तयार होई आणि मग ग्राफिक्स कार्ड ती सगळी चित्रे जोडून पडदा उभा करी. त्यासाठी १ जीबी रॅम आणि डायरेक्टएक्स ९ चालवणारे कार्ड लागे. ‘व्हिस्टा केपेबल’चा स्टिकर लावून विकलेल्या कित्येक यंत्रांवर एअरो चालतच नव्हते; त्यावरून अमेरिकेत खटलाही झाला. पण ज्यांच्याकडे बरे कार्ड होते, त्यांनी एअरो बंद केले की चितारण्याचे ओझे उलट प्रोसेसरवर येई. सल्ला तोच राहिला, परिणाम काही वेळा उलटा झाला. २००९ च्या विंडोज ७ ने प्रत्येक विंडोमागे लागणारी मेमरी बरीच कमी केली. २०१२ च्या विंडोज ८ पासून तर ही जोडणी बंदच करता येत नाही.

त्यामुळे विंडोज १० किंवा ११ वर ही टिचकी मारली की प्रामुख्याने अ‍ॅनिमेशन जातात. मेनू लगेच उघडतो, यंत्र चपळ वाटते आणि जुन्या लॅपटॉपवर तेवढेही सुखाचे असते. पण फाइल उघडायला लागणारा वेळ तसाच राहतो, कारण तो जातो फिरत्या हार्ड डिस्कपाशी. तिथे एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे आणि रॅम वाढवणे हाच इलाज.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या यंत्रांना विंडोजऐवजी घालता येणाऱ्या लिनक्सवरचा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप चांगला पर्याय आहे. त्यात विंडो मॅनेजरच्या ट्वीक्समध्ये कंपोझिटर, म्हणजे विंडोंची चित्रे जोडणारा भाग, पूर्ण बंद करता येतो, आणि २ जीबी रॅमच्या यंत्रावर ते करून पाहण्यासारखे आहे.