शिसं, दोर आणि खचलेला रस्ता : कॅसलटनच्या सहलीची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, शेफील्डपासून साधारण २५ किलोमीटरवर कॅसलटन हे छोटं गाव आहे. एवढ्याशा गावाभोवती तिकीट लावलेल्या चार गुहा, एक नॉर्मन किल्ला आणि माम टॉरचा ५१७ मीटर उंचीचा डोंगर आहे. पर्यटकांसाठी म्हणून यातलं फारसं काही बांधलेलं नाही. बहुतेक जागा कुणाच्या तरी कामाच्या होत्या. धंदा बसला की तिकीटखिडकी आली. कुठे बोटीत बसावं लागतं, कुठे अडीचशे पायऱ्या चढाव्या लागतात आणि बस गावापुढे डोंगर का चढत नाही, या सगळ्याची उत्तरं त्या जुन्या धंद्यांत सापडतात.

गाव दोन खडकांच्या शिवेवर वसलं आहे. दक्षिणेला चुनखडी, उत्तरेला शेल (चिखल थराथरांनी घट्ट होऊन बनलेला खडक) आणि भरड वालुकाश्म. शेलमधून पाणी झिरपत नाही, ते वरून वाहत येतं आणि चुनखडी लागली की जमिनीत गडप होतं. लाखो वर्षं हेच चालल्यामुळे इथे गुहा तयार झाल्या. अजिंठा-वेरूळसारखी कोरलेली लेणी इथे नाहीत. पाण्यानेच खडक विरघळवला आहे. त्याच चुनखडीच्या भेगांत शिशाच्या धातुकाच्या शिरा आहेत. माम टॉरच्या पायथ्याच्या ओडिन खाणीचा उल्लेख १२८० सालच्या कागदपत्रांत आढळतो आणि ती १८६९ पर्यंत चालली. धातुक चिरडण्यासाठी १८२३ मध्ये बसवलेलं लोखंडी रिंगण आणि त्यावर घोडा फिरवायचा ते दगडी चाक आजही उघड्यावर आहे. बघायला पैसे पडत नाहीत. तरी बहुतेक लोक गुहांच्या घाईत शेजारून निघून जातात.

स्पीडवेल ही गुहा निम्मी माणसाने खणलेली आहे. १७७१ पासून खाणवाल्यांनी डोंगराच्या पोटात सुरुंग लावत सरळ बोगदा काढला. त्यात पाणी सोडून कालवा केला, म्हणजे दगड आणि धातुक बोटीतून बाहेर काढता येईल. गणित चुकलं. शिसं पुरेसं लागलं नाही आणि काही वर्षांतच काम थांबलं. वाटेत लागलेल्या नैसर्गिक विवरात त्यांनी बोगद्यातला राडारोडा ओतला. विवर भरेना, म्हणून त्याला तळ नसलेला खड्डा हे नाव पडलं. आज पर्यटक १०६ पायऱ्या उतरून त्याच कालव्यात बोटीत बसतो. बोगदा एका बोटीपुरताच रुंद आहे, छत डोक्याला लागतं, मध्येच उतरून परतता येत नाही. बंद जागेची भीती वाटणाऱ्याने हे तिकीट काढण्याआधीच लक्षात घ्यावं.

पीक कॅव्हर्नची गोष्ट वेगळी. ही संपूर्ण नैसर्गिक गुहा असून तिच्या तोंडाशी चारशेहून अधिक वर्षं दोर वळण्याचा उद्योग चालला. ते तोंड इतकं मोठं आहे की कामगारांची घरंही आतच होती. त्यांच्या चुलींच्या धुराने काळं पडलेलं छत अजून दिसतं. इथेच का, याचं कारण साधं आहे. दोर वळायला लांबलचक, सरळ आणि छताखालची जागा लागते. शिवाय हेंपचा (तागासारख्या वाखाचा) धागा कोरड्या हवेत ठिसूळ होऊन तुटतो, तर गुहेच्या दमट हवेत तो लवचिक राहतो. सुताचे धागे आकड्यांना अडकवून एका दिशेने पीळ द्यायचा, त्या पिळाच्या लडी एकत्र करून उलट दिशेने पीळ द्यायचा. उलट पिळामुळे दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात आणि दोर सुटत नाही. वळताना लांबी बरीच आटते, म्हणून सुरुवातीचे धागे तयार दोरापेक्षा खूप लांब घ्यावे लागतात. यासाठी केलेले सपाट ओटे आत आहेत. मोठं गिऱ्हाईक होतं ते शिशाच्या खाणी. त्या संपल्या तसा हा धंदाही आटत गेला, आणि १९७४ मध्ये इथलं दोर वळणं कायमचं थांबलं.

या गुहेत चढउतार थोडा आहे, म्हणून लहान मुलं आणि वयस्कर मंडळींसोबत आधी हीच घ्यावी. अडचण पावसाची. रशप एज या जवळच्या डोंगरकडेच्या उतारावर गडप झालेलं पाणी या गुहेच्या आसपास बाहेर पडतं; वर जोराचा पाऊस झाला की आतले मार्ग बुडतात आणि फेरी छोटी करावी लागते.

उरलेल्या दोन गुहा ब्लू जॉन या जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या फ्लोराइट दगडाच्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला मागणी आली. बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी त्याच्या फुलदाण्यांना सोनेरी मुलाम्याचे साज चढवून त्या श्रीमंतांना विकल्या. दगड देखणा पण नाठाळ. काठिण्य दहापैकी फक्त ४, आणि स्फटिक चार दिशांनी सहज फुटतो. कच्चा दगड चरकावर धरला तर तुकडे होतात. म्हणून तो आधी पूर्ण वाळवायचा, तापवायचा, राळेत मुरवायचा आणि मगच कापायचा. पूर्वी झाडाची राळ वापरत, आता इपॉक्सी ही कृत्रिम राळ. वाळवणीत घाई केली तर राळ आतपर्यंत पोचत नाही आणि पॉलिश करताना कोपरा उडतो. दुकानातल्या छोट्याशा अंगठीची किंमत ऐकून भुवया उंचावतात त्या यामुळे. ट्रीक क्लिफ कॅव्हर्नमध्ये अजून थोडाफार दगड काढतात. तिथली लवणस्तंभांची दालनं १९२६ मध्ये खाणकामगारांच्या सुरुंगामुळे उघडी पडली आणि १९३५ पासून लोकांना बघता येऊ लागली. ब्लू जॉन कॅव्हर्नमध्ये २४५ पायऱ्या आहेत, आणि परतीची वाट त्याच पायऱ्यांवरून चढणीची. सगळ्या गुहांत बाराही महिने दहा अंशांच्या आसपास थंडी असते. उन्हाळ्यातही स्वेटर आणि न घसरणारे बूट हवेत.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. विल्यम पेव्हरिल या नॉर्मन सरदाराचा हा किल्ला १०८६ मध्ये राजाने करवून घेतलेल्या पाहणीत नोंदलेला आहे. पुढे तो राजाकडे गेला आणि दुसऱ्या हेन्रीने ११७६ च्या सुमारास चौकोनी बालेकिल्ला उभारला. वर जाणारी वाट नागमोडी आणि खडी आहे, गाडी पोचत नाही.

बघायला येणारेही इथे फार जुने. थॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाने १६३६ मध्ये लॅटिन काव्यात या भागाची सात आश्चर्यं सांगितली, त्यांत पीक कॅव्हर्न आणि माम टॉर होते. सातांत चॅट्सवर्थ ही हवेलीही होती. हॉब्ज त्याच घराण्याचे शिक्षक, तेव्हा निवड अगदीच निःपक्ष म्हणता येत नाही. सामान्य कामगार मात्र १८९४ मध्ये शेफील्ड-मँचेस्टर रेल्वे या खोऱ्यातून गेल्यावर येऊ लागला. लाइन कॅसलटनला शिवत नाही. जवळचं स्टेशन होप, सुमारे तीन किलोमीटरवर.

रविवारी गिरण्या-कारखान्यांतून आलेल्यांना तिकीट काढून गुहा बघण्यापेक्षा मोकळ्या माळावर चालायचं होतं, आणि माळ जमीनदारांनी ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो लोक किंडर स्काउटच्या बंद माळावर ठरवून घुसले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. शिक्षा उलटलीच; सहानुभूती वाढली, १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १७ एप्रिल १९५१ रोजी कॅसलटनभोवतीचा हा डोंगराळ भाग, म्हणजे पीक डिस्ट्रिक्ट, हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. आज माम टॉरच्या माथ्यावर फिरायला कुणाची परवानगी लागत नाही, ते या सगळ्यानंतर. चालणाऱ्यांसाठी सोयीचा क्रम असा : त्याच लाइनवरच्या ईडेल स्टेशनवर उतरून हॉलिन्स क्रॉसची खिंड चढायची, माम टॉर करून ओडिनच्या बाजूने उतरायचं, एकच गुहा बघायची आणि संध्याकाळी होपहून गाडी धरायची. एका दिवसात चारही गुहा करायला गेलं की किल्ला आणि डोंगर दोन्ही हुकतात. हॉलिन्स क्रॉसची वाटही हौशी लोकांनी पाडलेली नाही. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा तिथले लोक शवपेट्या खांद्यावर घेऊन याच खिंडीतून कॅसलटनच्या चर्चला येत.

उतरताना फुटलेला डांबरी रस्ता लागतो. विनॅट्स खिंडीचा चढ घोडागाड्यांना झेपेना, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका टोल कंपनीने माम टॉरच्या पायथ्याने सौम्य चढाचा रस्ता काढला. पण तो नेमका हजारो वर्षांपासून सरकत असलेल्या दरडीवर बसला. वालुकाश्माखालचा शेल पावसात भिजून मऊ पडतो आणि वरचं वजन घेऊन खाली घसरतो. ओल्या हिवाळ्यानंतर हालचाल वाढते. दरवेळी नवा थर टाकून डागडुजी झाली, डांबर-खडीची जाडी काही ठिकाणी माणसाच्या उंचीएवढी झाली आणि त्या वजनाने घसरणीला हातभारच लागला असणार. १९७७ मध्ये एकच मार्गिका उरली आणि १९७९ मध्ये रस्ता कायमचा बंद झाला. तेव्हापासून पश्चिमेकडे जाणाऱ्या मोटारींना विनॅट्सचीच वाट उरली आहे : २० टक्क्यांहून खडा चढ, दोन्हीकडे चुनखडीचे कडे, बस आणि जड वाहनांना बंदी. सुट्टीच्या रविवारी तिथे कडेला लावलेल्या गाड्यांमुळे दोन वाहनं समोरासमोर अडकतात, आणि मागे घेणं ज्याच्या वाट्याला येतं त्याच्या क्लचचा वास खालपर्यंत येतो. गाडी गावाच्या वाहनतळावर सकाळी दहाच्या आत लावून वर चालत जावं.