लॉनची माती, कंपोस्ट आणि पाणी

घराभोवतीच्या लॉनच्या मातीत चांगले कुजलेले सेंद्रिय खत, म्हणजे कंपोस्ट, मिसळून तिची पाणी मुरवण्याची व धरून ठेवण्याची ताकद वाढवण्याची पद्धत. पाणीबचतीचा उपाय म्हणून तिला अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात विशेष महत्त्व आले. कोलोरॅडोतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने नव्या बांधकामाच्या जागी ती सक्तीचीच केली. दर १,००० चौरस फुटांमागे ४ घन यार्ड, म्हणजे सुमारे सव्वा इंच जाडीचा कंपोस्टचा थर पसरायचा आणि सहा इंच खोलीपर्यंत मातीत मिसळायचा, असा तिचा नियम आहे.

डेन्व्हरला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून ४०० मिमीही पाणी मिळत नाही. तिथल्या अंगणांत मात्र केंटकी ब्लूग्रास हे थंड हवेचे गवत रूढ आहे. भर उन्हाळ्यात हे गवत दिवसाला ५-६ मिमी पाणी हवेत सोडते. एक चौरस मीटरवर एक मिमी पाणी म्हणजे एक लिटर, तेव्हा १०० चौरस मीटरच्या लॉनला रोज निदान ५०० लिटर लागले. हा आकडा ऊन, वारा आणि हवेतील आर्द्रता ठरवतात. कंपोस्ट घातल्याने गवताची तहान कमी होत नाही. बदलते ती जमिनीतली साठवण. जाहिराती हा फरक सहसा सांगत नाहीत.

साठवण तरी किती वाढते? सेंद्रिय पदार्थ एक टक्का वाढला की एकरी हजारो गॅलन पाणी जास्त मावते, असे सर्रास सांगितले जाते. मिनास्नी व मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी जगभरची मोजमापे एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष बराच माफक आहे. सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थांतला कार्बन) एक टक्का वाढल्यास मुळांना घेता येईल असे पाणी १०० मिमी मातीमागे सरासरी १.१६ मिमी वाढते. रेताड जमिनीत थोडे जास्त, चिकणमातीत कमी. पंधरा सेंटिमीटरच्या थराला हा फायदा पावणेदोन मिमीचा, म्हणजे गवताची अर्ध्या दिवसाचीही बेगमी नाही.

खरा लाभ मातीच्या घडणीतून होतो. घर बांधताना वरची कसदार माती खरवडून निघते, उरलेली अवजड यंत्रांखाली दबते आणि तिच्यावर गवताचे तयार गालिचे अंथरले जातात. अशा जमिनीत स्क्रूड्रायव्हर दोन बोटेसुद्धा शिरत नाही, मग मुळ्या कुठून शिरणार? साधे स्प्रिंकलर तासाला ३०-४० मिमी वेगाने पाणी फवारतात. दबलेल्या चिकणमातीत तासाला पाच मिमी मुरले तरी पुष्कळ. म्हणून काही मिनिटांतच पाणी फुटपाथवर ओघळते आणि गवत मात्र कोरडेच राहते. कंपोस्ट खोल मिसळले की मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात, पोकळ्या टिकतात आणि पाणी आत जाते. मुळ्या आठ सेंटिमीटरऐवजी पंधरापर्यंत गेल्या, तर चिकण पोयट्यात त्यांच्या हाती सुमारे दहा मिमी जास्तीचे पाणी लागते. ही दोन दिवसांची सोय झाली.

ही सोय पाण्याच्या मीटरवर आपोआप दिसत नाही. स्प्रिंकलरचा टायमर पूर्वीसारखाच एक दिवसाआड थोडे थोडे पाणी देत राहिला, तर बचत शून्य. पाणी भरपूर द्यावे, पण दोन पाळ्यांतले अंतर वाढवावे. पाळी केव्हा द्यायची हे गवतच सांगते: लॉन निळसर-राखी दिसू लागते आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे उमटून तसेच राहतात.

आधीच वाढलेल्या लॉनमध्ये नांगरट करता येत नाही. तिथे पोकळ दात्यांच्या यंत्राने मातीच्या कांड्या उपसून वर पाव इंच चाळलेले कंपोस्ट पसरतात. हा उपाय सावकाश गुण देतो. कंपोस्ट कुजत राहते, त्यामुळे तो पुनःपुन्हा करावा लागतो.

खताची पारख महत्त्वाची. गोठ्यातील खतापासून केलेल्या कंपोस्टमध्ये क्षार जास्त असू शकतात. कमी पावसाच्या प्रदेशात ते धुऊन जात नाहीत आणि मुळांना पाणी ओढणे जड होते. अर्धकच्च्या लाकडी भुशामुळे मातीतील नत्र जिवाणूंकडे अडकून गवत पिवळे पडते. दरवर्षी जास्त कंपोस्ट घातल्यास स्फुरद (फॉस्फरस) साठतो व पावसाबरोबर ओढ्यांत जातो.

उष्ण प्रदेशांतील लॉनमध्ये बर्म्युडा गवत वापरतात. ते म्हणजे आपली हरळी. तिला ब्लूग्रासपेक्षा कमी पाणी पुरते. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत लॉन बहुधा मुरूम किंवा राडारोड्यावर पसरलेल्या लाल मातीच्या पातळ थरावर असते. तिथे कंपोस्ट वरवर शिंपडण्याआधी खालचा घट्ट थर फोडावा लागतो. तो तसाच राहिला तर पावसाळ्यात वर पाणी साचते आणि एप्रिलमध्ये मुळ्या त्याच पातळ थरात तापतात.